साथीचे दिवस आणि भाड्याची गाडी



जोंधळ्याचे पोते आज बाजारात विकले गेले नाही, तर ते घरी परत आणता येते. भाव पडला म्हणून कणगीत ठेवता येते. भाड्याच्या गाडीतली रिकामी जागा मात्र कणगीत ठेवता येत नाही. सतरा माणसांची गाडी आज चार माणसे घेऊन पंढरपूरला गेली, तर उरलेल्या तेरा जागा कायमच्या गेल्या. त्या उद्या विकता येणार नाहीत. यात्रेकरूला दिलेली खोली, नदीच्या घाटावरची नाव, माथेरानचा घोडा, वेरूळच्या लेण्यांत माहिती सांगणारा माणूस, या सगळ्यांचा धंदा असाच नाशवंत आहे. दुधाहूनही नाशवंत म्हणा ना! दुधाचे निदान दही तरी लावता येते.

अशा धंद्यावर साथीचा रोग आला, आणि माणसांनी घराबाहेर पडणेच बंद केले, म्हणजे काय होते? लहान धंदेवाला त्यातून तरतो कसा? हा आजचा विषय. साथींचा इतिहास आपण वाचतो तो डॉक्टरांचा, अधिकाऱ्यांचा आणि मेलेल्यांच्या आकड्यांचा. गाडीवानाचे पान त्यात बहुधा कोरे असते. ते थोडेसे भरून काढता आले तर पाहू.

सुरुवात प्लेगापासून करू. १८९६ सालच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात, बंदराजवळच्या धान्याच्या वखारींच्या वस्तीत, डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला. ही साथ साऱ्या जगभर फिरलेली होती. चीनच्या बाजूने हाँगकाँगला आणि तिथून जहाजांच्या वाटेने ती इकडे आली असे मानतात. मग मुंबई रिकामी होऊ लागली. १८९७ चा फेब्रुवारी उजाडेपर्यंत शहरातली जवळजवळ निम्मी माणसे निघून गेली होती. आठ लाखांच्या वर वस्तीचे शहर, त्यातले निम्मे! कोकणातला गिरणी कामगार गलबताने, आगबोटीने गावी परतला. घाटावरचा आगगाडीने आला. ज्याला काहीच मिळाले नाही तो गाठोडे डोक्यावर घेऊन पायी निघाला. कापडाच्या गिरण्यांना माणूस मिळेना, तेव्हा मालक नाक्यावर उभे राहून रोजच्या रोज मजुरीची बोली करू लागले.

तुम्ही म्हणाल, म्हणजे वाहनवाल्यांची चंगळच झाली असेल. पहिले काही आठवडे झाली असेलही. इतकी माणसे एकदम निघाली म्हणजे भाडे चढणारच. पण हे पाहा, साथीत धावपळ होते ती एकदाच, आणि तीही एकाच दिशेने. शहर सोडून गेलेला माणूस महिनोन् महिने परत येत नाही. येताना गाडी रिकामीच येते. आणि गाडीबरोबर रोगही गावात उतरला, की गाव त्या गाडीवानाकडेच बोट दाखवते. पुढे हाच रोग गावोगाव पसरला, आणि उंदीर पडू लागले की माणसे घरेदारे सोडून शेतात झोपड्या घालून राहू लागली. गावातल्या जुन्या माणसांनी आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या या गोष्टी गुरुजींनी मुलांकडून मुद्दाम गोळा करवून घ्याव्यात. गावच ओस पडल्यावर टांग्याला उतारू कोण आणि धर्मशाळेला मुक्कामी कोण?

या साथीत, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, सरकारने एक कायदा केला: साथरोग प्रतिबंधक कायदा. अवघ्या चार कलमांचा. त्याचे दुसरे कलम वाचताना एक गोष्ट ध्यानात येते, की या कायद्याची नजर सगळ्यात आधी प्रवाशावर आहे. बंदरात येणारी-जाणारी जहाजे तपासावीत. आगगाडीने वा अन्य मार्गाने प्रवास करणारी माणसे तपासावीत. संशय आला तर त्यांना वेगळे ठेवावे. त्याप्रमाणे मोठ्या स्टेशनांवर उतारूंना खाली उतरवून रांगेत उभे करीत, नाडी पाहत, काखेत-जांघेत गाठ आहे का ते चाचपत. बायकांचीही अशी तपासणी होऊ लागली तेव्हा किती संताप उसळला, आणि पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री रँडसाहेबावर गोळी का झाडली गेली, हे शाळेतल्या पुस्तकात आहेच. मद्रास इलाख्यात तर रोगाच्या मुलुखातून आलेल्या उतारूला 'प्लेग पासपोर्ट' नावाचा कागद देत; तो घेऊन त्याने पुढचे काही दिवस हजेरी लावायची. २०२० साली जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास काढताना ज्यांचे डोळे मोबाईलवर दुखले, त्यांनी या पणजोबा-कागदाला नमस्कार करायला हरकत नाही.

पण मला त्या कलमातली आणखी एक बारीक तरतूद महत्त्वाची वाटते. या उपायांना जो खर्च येईल, तो कोणी आणि कसा सोसायचा हे सरकार ठरवील, असे त्यात म्हटले आहे. आणि त्या खर्चात नुकसानभरपाईही धरली आहे, 'असल्यास' या एका शब्दासह. भरपाई असल्यास! म्हणजे ती असेलच असे नाही. गाडी थांबवण्याचा अधिकार कायद्याने सरकारला नक्की दिला. थांबलेल्या गाडीवाल्याला काही देणे मात्र 'असल्यास'वर राहिले. पुढे सव्वाशे वर्षे लहान धंदेवाल्याचे नशीब या एका शब्दाला टांगलेले दिसते.

त्याच १८९७ साली मुंबई बंदरातून हाजी यात्रेकरूंची जहाजे रोखली गेली. युरोपातल्या सरकारांनी व्हेनिसला परिषद भरवली होती, आणि हिंदुस्थानातला रोग मक्केमार्गे आपल्याकडे येईल या भीतीने त्यांचा दाब होता. मोठ्या जहाज कंपन्यांनी आपली जहाजे मालवाहतुकीला लावली तर त्यांचे फारसे बिघडत नाही. पण मुंबईतल्या मुसाफिरखान्यांच्या आसपास यात्रेकरूंना तिकीट काढून देणारे दलाल, शिधासामान विकणारे, बिऱ्हाड देणारे, यांच्याजवळ दुसरे काय होते?

आपल्या पंढरपूरचेही तेच. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या चार वाऱ्यांवर सबंध गावाचा वर्षाचा प्रपंच. यात्रेकरूंना खोल्या देणारे, चुरमुरे-बत्तासे आणि बुक्का विकणारे, तुळशीच्या माळा ओवणारे, चंद्रभागेतले नावाडी, टांगेवाले, सगळ्यांचीच सुगी आषाढात. बार्शी लाइट रेल्वे १९०६ साली पंढरपुरापर्यंत पोचली तशी गर्दी वाढली, आणि तशीच सरकारची धास्तीही वाढली. १९०८ ते १९१६ या काळात पालखी म्हणजे रोग वाहून नेणारी मिरवणूक, अशाच नजरेने अधिकारी तिच्याकडे पाहत होते. जत्रेच्या दिवसांत आगगाडीची तिकिटे देणे थांबवणे हा त्यांचा आवडता उपाय. वारकरी पायी येतच राहिला. पण आगगाडीने येणारा, खोली भाड्याने घेऊन दोन दिवस राहणारा, चार पैसे खर्च करणारा उतारू अडला. पंढरपूरच्या व्यापाऱ्यांनी तक्रारी केल्या, त्या उगाच नव्हेत.

१९१८ चा इन्फ्लुएन्झा मात्र निराळा. तो जूनमध्ये मुंबई बंदरात उतरला, आणि पावसाळ्याच्या शेवटी त्याची दुसरी लाट आली ती वणव्यासारखी. देशात एक कोटीच्या पुष्कळ वर माणसे काही महिन्यांत गेली. त्या वेळी महायुद्ध चालू होते. गाड्या थांबल्या नाहीत, आणि त्याच गाड्यांनी रोग सगळीकडे पोचवला. प्लेगात धंदा थांबला होता. या वेळी धंदा करणारा माणूसच गेला. त्याविषयी एवढेच सांगून पुढे जातो, कारण खरा तपशील आपल्या डोळ्यांसमोर घडलेल्या साथीचा आहे.

२०२० सालच्या मार्च महिन्यात महाराष्ट्र सरकारने पुन्हा तोच १८९७ चा कायदा लागू केला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. तारीख नीट पाहा. परीक्षा संपून शाळांना सुट्टी लागायची, लग्नसराई सुरू व्हायची, काश्मीर-कुलूच्या सहली निघायच्या, कोकणात आंब्याच्या दिवसांत पाहुणे यायचे, ते हे दिवस. सहलीच्या धंद्याची सुगी एप्रिल-मे. शेतकऱ्याला सांगायचे तर, पीक कापणीला आले आणि शेताला कुलूप लागले. पुढच्या वर्षीही, २०२१ च्या एप्रिलात, दुसऱ्या लाटेने नेमका तोच हंगाम नेला. लागोपाठ दोन सुग्या बुडाल्यावर कोणता शेतकरी ताठ उभा राहील?

आकडाच हवा तर हा घ्या: २०१९ साली भारतात सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पाहुणे आले होते, २०२० साली ते सुमारे २७ लाखांवर आले, आणि २०२१ साली १५ लाखांवर. नेहमीची आंतरराष्ट्रीय विमाने मार्च २०२० मध्ये थांबली ती मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. अजिंठा-वेरूळला जपानी, फ्रेंच शिकून माहिती सांगणाऱ्या मार्गदर्शकाने दोन वर्षे काय करावे?

आता एक हिशेब मांडू. माणूस कल्पनेतला आहे, पण हिशेब खरा आहे. समजा, एका शेतकऱ्याच्या मुलाने सतरा आसनांची गाडी कर्जाने घेतली आहे. कर्ज सहा लाख राहिले आहे, व्याज शेकडा बारा. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायला परवानगी दिली. आधी तीन महिने, मग ऑगस्टअखेरपर्यंत. गावोगाव बातमी गेली, 'सहा महिन्यांचे हप्ते माफ!' माफ नव्हते हो. फक्त थांबवले होते. व्याज महिन्याला सहा हजार चालूच होते. सहा महिन्यांत छत्तीस हजार, आणि त्या व्याजावरचे व्याज धरले तर ३६,९१२ रुपये. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये ठरवले की दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर व्याजावरचे व्याज आम्ही भरू. म्हणजे आपल्या या गाडीवाल्याला परत मिळाले ९१२ रुपये. छत्तीस हजार डोक्यावर तसेच. जाहिरात मोठी आणि हाती हे एवढे. मी त्या सवलतीला नावे ठेवीत नाही. सहा महिने बँकेचा माणूस दारात आला नाही, हेही त्या दिवसांत थोडे नव्हते. पण 'थांबवणे' आणि 'माफ करणे' या दोन शब्दांतला फरक ज्याला आधी कळला, त्याने जमेल तसा थोडा थोडा हप्ता भरत ठेवला. तो पुढे कमी अडचणीत आला असणार, हे साध्या अंकगणितावरून दिसते.

राज्य सरकारने एप्रिल ते सप्टेंबर २०२० या सहा महिन्यांचा वाहनकर प्रवासी वाहनांना माफ केला. ही मात्र खरी माफी. याखेरीज, गाडी काही काळ चालवायची नसेल तर तसे आधी आर.टी.ओ.ला कळवून त्या मुदतीचा कर वाचवता येतो, ही जुनी सोय आहेच. ती पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून सांगून ठेवतो.

केंद्राने मे २०२० मध्ये हमीची कर्जयोजना आणली: आधीच्या बाकीच्या शेकडा वीस इतके नवे कर्ज, सरकारच्या हमीवर. मार्च २०२१ मध्ये हॉटेल आणि पर्यटनाला ते शेकडा चाळीस केले. पण यातली मेख अशी, की आधीचे कर्ज असेल त्यालाच नवे. ज्याने कधी बँकेची पायरी चढलीच नाही, स्वतःच्या घामाच्या पैशावर घोडा घेतला, त्याला काय? मग जून २०२१ मध्ये आणखी एक योजना आली: मान्यताप्राप्त मार्गदर्शकांना एक लाखापर्यंत आणि सहल संस्थांना दहा लाखांपर्यंत कर्ज. सरकारनेच सांगितले की यात सुमारे १०,७०० मार्गदर्शक आणि ९०० च्या आसपास सहल व्यावसायिक बसतील. सगळ्या देशात मिळून! ज्याच्याजवळ सरकारी दाखला, तोच दिल्लीच्या हिशेबात. तालुक्याच्या गावी एक खोली, एक फोन आणि एक गाडी घेऊन अष्टविनायकाची सहल काढणारा या आकड्यात कुठे होता? कागद नसलेला माणूस संकटात सरकारला दिसत नाही. हे बरे की वाईट ते तुम्ही ठरवा, पण तसे घडले खरे.

मग हा न दिसलेला माणूस तरला कसा?

पुष्कळांनी आधी गाडीतली माणसे बदलून माल भरला. भाजीपाला आणि औषधांच्या वाहतुकीला परवानगी होती. बाजार समित्या अधूनमधून बंद होत, आणि शहरातल्या सोसायट्यांना दाराशी भाजी हवी होती. सहलीची गाडी भाजीची झाली. कोकणातला हापूस त्या वर्षी दलालाला वळसा घालून थेट पुण्या-मुंबईच्या घरांत गेला. त्यातल्या पेट्या अशाच लहान गाड्यांनी वाहिल्या. एस.टी. महामंडळासारख्या मोठ्या संस्थेनेसुद्धा मे २०२० मध्ये तेच केले: जुन्या प्रवासी गाड्यांची बाके काढून मालगाड्या बनवल्या. मोठ्याने केले की त्याला योजना म्हणतात, लहान करतो तेव्हा धडपड. करणी एकच.

माथेरानची गोष्ट निराळी. तिथे मोटारीला बंदी. पाहुणा घोड्यावरून, हातरिक्षातून नाहीतर नेरळच्या छोट्या गाडीने जायचा. ही गाडी १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधली. २०१९ च्या पावसाने तिचा मार्ग वाहून गेला होता, आणि त्यावर २०२० ची टाळेबंदी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यावर आदळले. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. बंद पडलेली मोटार उभी राहिली तर फार तर बॅटरी उतरते, टायर बसतात. पण घोडा उभा राहिला तरी रोज खातो. घास, कोंडा, हरभरा, नाल, औषध. उत्पन्न शून्य आणि दावणीला खाणारे तोंड. पाहुण्यांवर जगणाऱ्या या चार-साडेचार हजार वस्तीच्या डोंगराला दुसरे शेत नाही, कारखाना नाही. घोडा विकायचा म्हटले तर त्या दिवसांत घेणार कोण? दिवाळीच्या तोंडावर, ४ नोव्हेंबर २०२० रोजी, अमन लॉज ते माथेरान एवढा छोटा पल्ला गाडी पुन्हा धावू लागली, आणि मुंबईकर वर येऊ लागला. घोडा आपला दाणा पुन्हा आपण कमावू लागला.

त्याच वादळाने दिवेआगर-श्रीवर्धनकडे नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. तिथे पुष्कळ घरांत पाहुण्यांच्या न्याहारी-निवासाची सोय असते. बाग जेवण देते आणि खोली वरखर्च भागवते, असा तो जोडधंदा. एका वर्षात दोन्ही गेले. नारळाला पुन्हा फळ धरायला वर्षे लागतात. त्या मानाने पाहुणा लवकर परत आला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात निर्बंध सैल झाले, तशी शहरातली कंटाळलेली कुटुंबे परदेश नाही, विमान नाही, म्हणून स्वतःच्या मोटारीने जवळचाच समुद्र शोधू लागली. राज्याचे कृषी पर्यटन धोरणही याच सुमारास, सप्टेंबर २०२० मध्ये आले. किमान एक एकर शेत असलेला शेतकरी त्यात येऊ शकतो. ज्याची खोली एकटी होती, आवार मोकळे होते, जेवण घरचे होते, त्याला या काळात मोठ्या हॉटेलापेक्षा बरे दिवस आले. लहानपणाचा फायदा झाला असे क्वचितच घडते, इथे घडला.

आता एका नाजूक गोष्टीकडे येतो. सहलीचा धंदा इसारावर चालतो. मार्चमध्ये ज्यांनी मे महिन्याच्या सहलीचे पैसे भरले होते, त्यांचे पैसे सहलवाल्याच्या पेटीत नव्हतेच. ते त्याने पुढे हॉटेलला, विमानाला भरले होते. आगगाडीचे पैसे रेल्वेने परत केले. विमान कंपन्यांपैकी काहींनी पैशांऐवजी पुढच्या प्रवासाची जमा नोंद दिली. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परताव्याची रीत ठरवून दिली, आणि ज्या कंपनीला पैसे देणे शक्य नाही तिला ३१ मार्च २०२१ पर्यंत ती जमा नोंद चालवण्याची मुभा दिली. मोठ्याला मुदत मिळाली. पण शेजारच्या आळीतला गिऱ्हाईक थेट दाराशी येऊन म्हणतो, 'मुलाला दवाखान्यात ठेवलंय, माझे वीस हजार द्या.' त्याला जमा नोंद दाखवणार?

तेव्हा लहान सहलवाल्यांनी तीन वाटा धरल्या. कोणी बायकोचे दागिने मोडून, गाडी विकून पैसे परत केले. कोणी गिऱ्हाइकाला खरी स्थिती सांगून, पावती नवी करून, अर्धे आता आणि अर्धे पुढच्या सहलीत असे ठरवले. आणि कोणी फोन उचलणेच बंद केले. पहिल्याचा मान राहिला, पण पुष्कळदा धंदा संपला; गाडीच विकल्यावर सहल कशात न्यायची? तिसऱ्याचे तर दोन्ही गेले. माझ्या मते शहाणा तो मधला, ज्याने दर पंधरा दिवसांनी आपण होऊन फोन केला. पैसे नव्हते तेव्हा त्याने बातमी दिली. बातमी द्यायला भांडवल लागत नाही. गिऱ्हाईक चिडले तरी ते तुटले नाही, आणि २०२२ साली परत त्याच्याच गाडीत बसले.

वारीचे सांगायचे राहिले. २०२० च्या आषाढीला पादुका मोजक्या माणसांबरोबर एस.टी.ने पंढरपुरात आल्या. गावात संचारबंदी होती. २०२१ लाही पालख्या गाडीतूनच आल्या. देवळे १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा मिटली, आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी, परत उघडली. चुरमुऱ्यांच्या भट्ट्या, माळांच्या पेट्या, यात्रेकरूंच्या खोल्या, सगळे दोन आषाढ तसेच पडून होते. सरकारने १९०८ पासून जे करून पाहिले आणि पुरते कधी साधले नाही, ते या वेळी वारकऱ्यांनी समजून घेऊन आपण होऊन पाळले. पण खोलीवाल्याचे भाडे दोन्ही वेळा बुडालेच.

२०२२ च्या जूनमध्ये पालख्या पुन्हा पायी निघाल्या. १० जुलैला आषाढी एकादशी होती. त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला नेरळहून माथेरानपर्यंतची सबंध वाट पुन्हा सुरू झाली. १८९७ चा कायदा २०२० साली डॉक्टर-परिचारिकांच्या संरक्षणासाठी दुरुस्त करण्यात आला. भरपाईपुढचा 'असल्यास' मात्र त्या दुरुस्तीने पुसला गेला नाही.